आईसाठी वाटीभर पेज

तुम्हाला ताप आला की आई गरम गरम पेज करते, उशाशी बसून भरवते. पण आईलाच ताप आला तर?

मी सहावीत असताना असंच झालं. बाबा परगावी, आई अंथरुणात. मी मोठ्या ऐटीत पेज शिजत ठेवली, वर गच्च झाकण लावलं आणि गोष्टीचं पुस्तक घेऊन बसलो. पेज भस्सकन उतू गेली नि गॅस विझला! वास आला म्हणून आई तशीच उठली. शेगडीचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "पेजेपाशी उभं राहायचं असतं रे."

तर आज उभं राहूनच पेज करू या.

साहित्य : पाव वाटी तांदूळ, 3 वाट्या पाणी, अर्धा चमचा तूप, चिमूटभर जिरेपूड, चवीपुरतं मीठ.

कृती : तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. पाणी निथळून हाताने चुरा, कण्या होतील. मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, कण्या घाला, आच मंद करा. अधूनमधून तळापासून ढवळा. 15-20 मिनिटांनी कणी बोटांत दाबून पाहा. लोण्यासारखी मऊ लागली की झाली पेज! मीठ, जिरेपूड, तूप घाला. तोंडाला चव नसेल तर वर चमचाभर मेतकूट किंवा लिंबाच्या लोणच्याचा खार. कोकणात तर अशी पेज सकाळच्या न्याहारीलाही घेतात.

पेज उतू का जाते? तांदळातलं पिठूळ सत्त्व पाण्यात उतरतं. त्यामुळे वाफेचे बुडबुडे लवकर फुटत नाहीत, फेस वर वर चढतो. म्हणून झाकण अर्धवटच ठेवा आणि जागचे हलू नका.

लक्षात ठेवा : गॅस विझलाच तर आधी शेगडीचं बटण बंद, मग खिडक्या-दारं उघडी. विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, काडी ओढायची नाही. मोठ्यांना हाक मारायची.

आई-बाबा, पहिल्यांदा तुम्ही शेजारी उभे राहा. पण पळी मुलांच्याच हाती असू द्या!

आणि हो, वाटी पुढे केली की आई म्हणेल, "आधी तू खा." तेवढं मात्र ऐकू नका. आज पहिला घास तिचा.