शिंप्याला दिसलं, ते शाळेला का दिसू नये?

शाळा उघडल्या. बाजारात दप्तरं, वह्या, गणवेश यांची झुंबड आहे. दरवर्षी या दिवसांत दप्तराच्या ओझ्यावर एक बातमी ठरलेली असते. वीस वर्षांत मीही आठ-दहा वेळा केली असेल. वजनकाट्यावर दप्तर, एका पालकाची प्रतिक्रिया आणि शेवटी ठरलेली ओळ, "यामुळे मुलांच्या मणक्याला बाक येण्याचा धोका". २०१५ मध्ये शासनाने दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा असा आदेशही काढला.

मित्रांनो, आज एक कबुली द्यायची आहे. ती शेवटची ओळ चूक होती. आणि ही चूक सगळ्यात आधी मलाच कळायला पाहिजे होती, कारण माझ्या पाठीला लहानपणापासून बाक आहे.

१९९३ चा उन्हाळा. मी बारा वर्षांचा. उमरगा तालुक्यातलं आमचं गाव. चुलतबहिणीच्या लग्नासाठी शर्ट शिवायला टाकला होता. शिंपीमामा वडिलांना म्हणाले, "आण्णा, पोराचा उजवा खांदा वर हाय. कॉलर सरळ बसंना. मी दोनदा माप घेतलं." घरी सगळ्यांना वाटायचं मी पोक काढून चालतो. त्यासाठी पाठीत धपाटेही खाल्ले होते.

वडील सोलापूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी शर्ट काढून खाली वाकायला लावलं, पायाचा अंगठा धरतो तसं. पाठीची उजवी बाजू बैलाच्या वशिंडासारखी वर आली. एक्स-रे निघाला. २८ अंश. आजाराचं नाव स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकणं आणि वाकताना पिळला जाणं. डॉक्टर म्हणाले, पट्टा लागेल, दिवाळीच्या आसपास पुन्हा फोटो काढू, मग माप देऊ.

दिवाळीच्या आधी ३० सप्टेंबर आला. किल्लारीचा भूकंप. आमच्या घराची भिंत पडली, माणसं वाचली. सोलापूरचे दवाखाने जखमींनी भरून गेले होते. वडील म्हणाले, "लोकांचे मणके मोडलेत बाळा. आपला नुसता वाकलाय. पुढच्या वर्षी बघू." त्यांनी जे डोळ्यांनी बघितलं होतं, त्यानंतर दुसरं काय म्हणणार? पण त्याच दोन वर्षांत मी भराभरा उंच झालो. १९९५ मध्ये पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा बाक ४६ अंश होता. पट्ट्याची वेळ निघून गेली होती.

आता थोडं समजून घेऊ. दहा अंशांपेक्षा जास्त बाक असला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढत्या वयातल्या शंभर मुलांत साधारण दोन-तीन जणांना तो असतो. बहुतेकांना काहीच करावं लागत नाही, फक्त लक्ष ठेवावं लागतं. साधारण २५ ते ४० अंशांत, मूल अजून वाढत असेल तर पट्टा. ४५-५० च्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार. बाक वाढण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त. बहुतेक मुलांत कारण सापडतच नाही. दप्तराने नाही, वाकडं बसल्याने नाही, आईने गरोदरपणी काही खाल्ल्याने नाही आणि ग्रहणाने तर नाहीच. जड दप्तराने पाठ-खांदे दुखतात हे खरं, म्हणून ओझं कमी व्हायलाच पाहिजे. पण बाक येतो तो त्याच्यामुळे नाही.

पट्टा कामाचा आहे का? २०१३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास आला. पट्टा घालणाऱ्यांत ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांपर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. जितके जास्त तास पट्टा, तितका फायदा जास्त. पण हा फायदा वाढ थांबेपर्यंतच. म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे.

ज्याची वेळ गेली, त्याचं काय? त्याचंही आयुष्य संपत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत मोटारसायकलवर जिल्हा पालथा घातलाय. संध्याकाळी पाठ बोलते, खोटं कशाला सांगू. तास-पाऊण तासाने गाडी थांबवून उतरतो, सकाळी अर्धा तास व्यायाम करतो, कॅमेऱ्याची बॅग दोन्ही खांद्यांवर अडकवतो. शर्टाच्या डाव्या खांद्यात शिंपी थोडा कापूस घालतो. लग्न झालं, लेकरं आहेत. अमेरिकेतल्या आयोवामध्ये उपचार न घेतलेल्या अशा रुग्णांचा पन्नास वर्षांनी आढावा घेतला गेला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, पण बहुतेक जण कामधंदा, संसार नीट करत होते. १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे.

मग एवढी मोठी पोस्ट कशाला? एका मुलीमुळे.

मागच्या वर्षी पीकविम्याच्या बातमीसाठी एका गावात गेलो होतो. भर उन्हात नववीतली एक मुलगी अंगभर ओढणी लपेटून बसलेली. तिची आई माझ्याकडे बघत होती. निघताना हळूच म्हणाली, "दादा, तुमचा बी खांदा असाच हाय का?" वर्गातली पोरं त्या मुलीला मंथरा म्हणतात. सोयरिकीत अडचण नको म्हणून घरच्यांनी दोन वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं. मी मागे लागलो, मग एक्स-रे झाला. बाक ५० च्या वर. आता शस्त्रक्रियेचं बोलणं चाललंय आणि वडील पैशांची जुळवाजुळव करतायत. पोरगी बारा वर्षांची असताना कुणी एकदा वाकवून बघितलं असतं, तर कदाचित पट्ट्यावर भागलं असतं.

आणि बघणारी माणसं आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. डॉक्टर आणि नर्स असलेलं पथक वर्षातून एकदा सरकारी शाळेत येतं. वजन, उंची, दात, कान, डोळे बघतं. ज्या ३० आजारांच्या यादीवर हा कार्यक्रम उभा राहिला, त्यात जन्मतः वाकडं पाऊल आहे, खुब्याचा दोष आहे. शाळकरी वयात येणारा पाठीचा बाक वेगळा नोंदलेला नाही.

प्रत्येक शाळेत ही तपासणी करावी का, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही, हेही सांगतो. काहींच्या मते त्यामुळे विनाकारण एक्स-रे वाढतात. जिथे घरोघरी मुलांचे ठरलेले डॉक्टर आहेत तिथे हा मुद्दा रास्त असेल. आपल्याकडे पथक येणारच आहे, मूल समोर उभं असणारच आहे. एका मुलामागे एक मिनिट जास्त लागेल.

म्हणून जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना जाहीर विनंती. पाचवी ते आठवीच्या मुलामुलींची ही वाकून तपासणी आपल्या जिल्ह्यात याच वर्षी सुरू करा. मुलींची तपासणी महिला डॉक्टरांनी, आडोशाला करावी. नवीन यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. २०२२ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. संशय आलेली मुलं तिथल्या हाडांच्या विभागात पाठवता येतील.

आणि पालकांनो, पथकाची वाट बघू नका. आज रात्रीच लेकराला उजेडात उभं करा. पाय जुळवून, गुडघे न वाकवता, हात जोडून पुढे वाकायला सांगा. मागून बघा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उचललेली दिसली, एक खांदा वर किंवा कंबर एका बाजूला कललेली दिसली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तेलमालीश आणि हाडवैद्य यांत वर्ष घालवू नका. खर्चाची भीती वाटली तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेचं आधी विचारा. आणि काही निघालंच, तर लपवू नका. ओढणीखाली बाक थांबत नाही, वाढतो.

ही पोस्ट आवडली नाही तरी चालेल, पण आपल्या गावच्या शाळेच्या ग्रुपवर तेवढी टाका.