साउथ फील्ड आणि दोन दरवाजे

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात साउथ फील्ड नावाचे बेसबॉलचे मैदान होते. त्याची कथा सांगण्याचा एक संप्रदायच पडून गेला आहे. ल्यू गेरिग नावाचा एक गरिबाचा मुलगा तेथे खेळला, जगप्रसिद्ध झाला. पुढे त्याच भूमीवर ग्रंथालय उभे राहिले, आणि सरस्वतीने मल्लविद्येवर जय मिळविला! कथा गोड आहे खरी. परंतु ती मध्येच तोडलेली आहे, आणि जेथे तोडली आहे तेथूनच तिचा महत्त्वाचा भाग सुरू होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठ १८९७ साली मॉर्निंगसाइडच्या टेकाडावर राहावयास आले आणि १९०३ साली ११४ व ११६ ह्या क्रमांकांच्या रस्त्यांमधील जमीन त्याने विकत घेतली. हेच साउथ फील्ड. भोवती इमारती, एका अंगास ब्रॉडवेची रहदारी. बेसबॉलसारख्या ऐसपैस खेळास ही जागा अपुरीच. १८ एप्रिल १९२३ रोजी येथेच गेरिगने विल्यम्स कॉलेजचे १७ गडी केवळ आपल्या चेंडूच्या माऱ्याने परत पाठविले, आणि तरीही कोलंबियाचा पराभव झाला! थोड्याच दिवसांत यँकी संघाने त्यास उचलले. चरित्रकार ह्या टोल्यांत आणि आकड्यांत रमतात. आम्हांस मात्र अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. त्याची आई विद्यार्थ्यांच्या एका मंडळाच्या घरी स्वयंपाक करीत असे, आणि तो स्वतः तेथे पानांवर वाढीत असे. ज्यांना दुपारी वाढावयाचे त्यांच्याच बरोबरीने सायंकाळी त्याच मातीत उतरावयाचे, ही सोय त्या अपुऱ्या मैदानाने केली होती.

ह्याच मैदानाच्या पूर्वेच्या कडेस हार्टली व लिव्हिंग्स्टन ही छात्रालये उभी होती. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबियात शिकावयास आले तेव्हा काही काळ त्यांचा मुक्काम ह्या छात्रालयांत होता. ज्या विद्यार्थ्यास स्वदेशी शाळेत वेगळे बसविले गेले, त्यास येथे कोणी वेगळा दरवाजा दाखविला नाही. मराठी वाचकाने हे ध्यानी ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९३४ साली हार्कनेस ह्या धनिकाच्या देणगीतून मैदानाच्या दक्षिण भागावर नवे ग्रंथालय उघडले. त्यासच १९४६ पासून बटलर ग्रंथालय म्हणतात. जुने ग्रंथालय अपुरे पडत होते, ही गोष्ट निर्विवाद आहे. शिवाय आम्ही जन्मभर पुस्तकांच्या आश्रयाने पोट भरलेली माणसे, ग्रंथालयाविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार? सामने पाच मैल उत्तरेस बेकर फील्डवर होऊ लागले. तेथील कोलंबिया-प्रिन्स्टन सामना १७ मे १९३९ रोजी दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला. बेसबॉलचा हा असा पहिलाच सामना. असो.

पण शरीरास व्यायाम हवाच, आणि विद्यापीठाची जुनी व्यायामशाळा दाटीवाटीची होती. तेव्हा विद्यापीठाची दृष्टी गेली ती शेजारच्या मॉर्निंगसाइड उद्यानावर. हे उद्यान सार्वजनिक, आणि त्याच्या पायथ्याशी हार्लेम, म्हणजे निग्रो समाजाची मोठी वस्ती. १९५२ साली ज्या विद्यापीठाने डॉ. आंबेडकरांस सन्माननीय पदवी दिली, त्याच विद्यापीठाने १९६१ साली ह्या उद्यानातील दोन एकरांहून थोडी अधिक जागा शहराकडून दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतली. व्यायामशाळेची योजना अशी: टेकाडावरचा दरवाजा विद्यापीठाचा, पायथ्याचा दरवाजा हार्लेमचा. आतील दालनेही वेगळी, आणि हार्लेमच्या वाट्यास एकंदर जागेच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी!

समर्थकांचे म्हणणे आम्ही झाकून ठेवीत नाही. ते म्हणत, हार्लेमला पूर्वी काही नव्हते, आता काही तरी मिळत आहे. आणि उतार इतका उभा की दरवाजे दोन पातळ्यांवर येणे हा केवळ स्थापत्याचा प्रश्न. ह्यांतील पहिला मुद्दा आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. गावातील सार्वजनिक पाणवठा अडवून वेशीबाहेर वेगळी विहीर खणून देणारांचा युक्तिवाद अक्षरशः हाच असे. दुसऱ्यास उत्तर एवढेच: टेकाडाने दरवाजे दोन केले असतील, कोणत्या दरवाजाने कोणी जावे, हे टेकाडाने ठरविले नव्हते. आणि जी जमीन मुळात सर्वांची, तिच्यातील तुकडा तिच्याच मालकांस देणगी म्हणून देणे, ह्यास औदार्य म्हणावयाचे असेल तर कोशातील अर्थ बदलावा लागेल.

फेब्रुवारी १९६८ मध्ये खोदाई सुरू झाली. २३ एप्रिलला विद्यार्थ्यांनी जुन्या साउथ फील्डच्याच कडेचे हॅमिल्टन हॉल व्यापले. व्हिएतनाम-युद्धाच्या संशोधनाशी असलेला विद्यापीठाचा संबंध हीही त्यांची तक्रार होती. आठवड्याने पोलिसांनी सुमारे ७०० जणांस पकडले. ह्या दांडगाईत विद्येची हानी झाली, असा आमच्या वयाच्या अध्यापकांचा सूर असतो. वर्ग बुडाले हे खरे. परंतु सभ्य पत्रव्यवहाराने ती खोदाई थांबली नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

योजना अखेर सोडून द्यावी लागली. मग विद्यापीठाने काय केले? आपल्याच आवारात, जमिनीखाली व्यायामशाळा बांधली. ती १९७४ साली उघडली. म्हणजे जागा स्वतःच्या पायांखालीच होती! उद्यानातील तो अर्धवट खड्डा मात्र पुढे कित्येक वर्षे उघडाच पडला होता. १९९० च्या सुमारास त्याचे तळे करण्यात आले. त्यावर आता धबधबा सोडलेला आहे आणि काठावर जावयास सर्वांस मोकळीक आहे.