पंधरा पौंडांची तबकडी

संगणक विकला, रक्कम गल्ल्यात आली, पावती झाली. त्यानंतर ग्राहकाच्या सोयीसाठी आणखी एक तबकडी विकली, तर त्यात गैर ते काय? कॉमेट या ब्रिटनमधील नामांकित पेढीला हाच प्रश्न न्यायालयाच्या दारापर्यंत घेऊन गेला.

पूर्वी नव्या संगणकाबरोबर विंडोज पुन्हा बसविण्याची तबकडी मिळत असे. पुढे ती प्रथा मागे पडली आणि तीच सामग्री हार्ड डिस्कच्या राखीव भागात ठेवली जाऊ लागली. हार्ड डिस्कच निकामी झाली, तर ही प्रतही तिच्यासोबत जाते. दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवून कुलूप लावावे, तसा हा प्रकार! कॉमेटने ही उणीव अचूक हेरली आणि तबकड्यांचा संच १४.९९ पौंडांना विकावयास काढला.

जानेवारी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने दावा दाखल केल्याचे जाहीर केले. एक्सपी व व्हिस्टाचे ९४ हजारांहून अधिक संच हॅम्पशायरमधील कारखान्यात परवानगीविना तयार झाले, हा आरोप होता. आपण ग्राहकांचे हितच पाहिले, असे कॉमेटचे उत्तर. तर ग्राहकाजवळ आधीच असलेली वस्तू त्याला पुन्हा विकली, असा मायक्रोसॉफ्टचा प्रतिवाद. ग्राहकाची अडचण खरी होती, यात शंका नाही. परंतु तिच्यावर उपाय म्हणून विकला गेलेला माल कॉमेटचा नव्हता.

अमेरिकेत एरिक लुंडग्रेन यांनी तर अशा २८ हजार तबकड्या जुने संगणक दुरुस्त करून विकणाऱ्यांसाठी बनविल्या होत्या. त्यांतील सामग्री इंटरनेटवर विनामूल्य मिळते, हा त्यांचा बचाव टिकला नाही. १५ महिन्यांचा कारावास आणि ५० हजार डॉलर दंड ही शिक्षा एप्रिल २०१८ मध्ये अपिलातही कायम राहिली.

आपल्याकडील १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणक प्रणालीला साहित्यकृतीच मानतो. प्रणाली ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याला ती नष्ट होण्याच्या भयाने स्वतःपुरती प्रत करण्याची मुभा कलम ५२ देते. ही मुभा ग्राहकाची. शेकडो प्रती काढून विकण्याचा परवाना दुकानदाराला तीतून मिळत नाही. विंडोजमध्येच रिकव्हरी ड्राइव्ह तयार करण्याची सोय असते. संगणक हाती देतानाच ग्राहकाला ती दाखविली, तर खर्च येतो एका पेनड्राइव्हचा आणि थोड्या वेळाचा.