टांगती कुंडी हाताच्या उंचीवर

गेल्या उन्हाळ्यात रिसोडकडच्या सत्तरीतल्या एका आजींना खुब्याचे हाड मोडलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणले. ओसरीत उंच टांगलेल्या मनीप्लांटला पाणी घालण्यासाठी त्या प्लास्टिकच्या स्टुलावर चढल्या होत्या. मान वर, हात वर आणि त्यात रक्तदाबाची गोळी; अशा वेळी भोवळ येऊ शकते. (म्हणून गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये.) शस्त्रक्रिया झाली, चालणे वॉकरवर आले. घरच्यांनी ती वेलच काढून टाकायचे ठरवले, तेव्हा आजींच्या डोळ्यांत पाणी आले. मी मुलाला म्हटले, "वेल राहू द्या, वरचा हूक काढा."

ही वेल मूळची प्रशांत महासागरातील मूरेआ बेटाची, दमट हवेतली. मे महिन्यात वाशिमचा पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा तिला पश्चिमेच्या उन्हापासून आणि कूलरच्या थेट झोतापासून दूर ठेवावे. वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. पाने पिवळी पडली की आपण आणखी पाणी घालतो. बहुधा जास्तीच्या पाण्याचाच तो परिणाम असतो. कुंडीखाली ताटली हवीच, कारण ओल्या फरशीवर पाय घसरतो. जमिनीवर लोळणाऱ्या फांद्याही पायात अडकतात. त्या पेराखाली कापून बाटलीत लावाव्यात.

मात्र बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी काचेला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून दर आठवड्याला पाणी बदलताना बाटली आतून ब्रशने घासावी. नुसते पाणी ओतून भागत नाही.

स्मृतिभ्रंश झालेली वडीलधारी माणसे किंवा लहान नातवंडे कधी पान चावतात. त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी तोंडाची आग होते, ओठ सुजतात. तोंड पुसून पाण्याने धुवावे, गिळता येत असेल तर थंड पाणी किंवा दूध घोटघोट द्यावे. उलटी करवू नये. गिळताना वा श्वास घेताना त्रास झाला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

या वेलीने घरातली हवा शुद्ध होते, असे अनेकजण सांगतात. नासाचा १९८९ चा तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. दमेकऱ्यांनी तिच्या भरवशावर पंप सोडू नये.

आजींची कुंडी आता खिडकीच्या गजांना कमरेइतक्या उंचीवर बांधली आहे. त्या खुर्चीत बसून पाणी घालतात. मागच्या महिन्यात त्यांनी एक फांदी दवाखान्यासाठी पाठवली. तिचे पाणी आमचे कंपाउंडर दर सोमवारी बदलतात.