फवारणीची वेळ आणि थेंबाचा हिशेब

माघ लागला कीं अंजनवेलच्या बागांतून पंपांचा आवाज सुरू होतो. मोहोर फुललेला, तुडतुडे वाढलेले, वर भुरीची धास्ती; अशा वेळीं बागायतदारानें हात बांधून बसावें असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु औषध कोणतें व किती, याची जेवढी चौकशी आपण करतों, तिच्या शतांशानेंही तें कोणत्या वेळीं मारावें याची करीत नाहीं. पैसा वाया जाण्याचें एक मोठें कारण आमच्या मतें येथेंच आहे.

आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें, आणि हयात महसूल खात्यांत आकडे जुळविण्यांत गेली. त्यामुळें थेंबाकडेही आम्ही खात्याच्या नजरेनें पाहतों: जमा किती, खर्च किती, शिल्लक काय? पिंपांत आपण कालवितों तें पुष्कळसें पाणी व थोडेंसें औषध. नोझलमधून थेंब सुटल्याक्षणापासून पाणी खर्ची पडूं लागतें. औषध बहुधा शिल्लक राहतें. थेंबाचा व्यास निम्मा झाला कीं आकारमान अष्टमांश होतें. म्हणजे पिंपांत शेंकडा १ या प्रमाणानें घातलेलें औषध त्या थेंबांत शेंकडा ८ होऊन बसतें! निंबोळी तेल साबणाच्या पाण्यांत फेंटून मारलें तरी तीच गत. आधीं पाणी उडतें, तेल मागें उरतें. मापलें एक आणि मोहोरास दिलें भलतेंच.

थेंबाचें आयुष्य त्याच्या आकारावर व हवेच्या कोरडेपणावर ठरतें. व्यास दुप्पट तर आयुष्य सुमारें चौपट. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा पाण्याचा थेंब उष्णतामान २० अंश व आर्द्रता शेंकडा ८० असतां मिनिटभराच्या आसपास टिकतो. ३० अंश व शेंकडा ५० असतां तोच पाव मिनिटांत संपतो. त्याच्या निम्म्या व्यासाचा तर तीन-चार सेकंदांतच. तो उंच कलमाच्या शेंड्यास पोंचणार कसा? पाणी जातें, आणि औषधाचा कण वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या परड्यांत व विहिरींत जाऊन पडतो.

याच खात्याची दुसरी बाजू थेंब वाढण्याची. समुद्राच्या दर लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटून उडालेले तुषार सुकले तरी मीठ हवेंत राहतें; आर्द्रता शेंकडा ७५ च्या सुमारास गेली कीं तें हवेंतील पाणी ओढून पुन्हां थेंब बनतें. पावसाळ्यांत बरणींतील मीठ पाझरतें तें यामुळेंच. अशा कणांभोंवतीं धुक्याचे व ढगांचे थेंब कसे वाढतात, याचें गणित स्वीडनचे हिल्डिंग कोहलर यांनीं मांडलें; १९३६ सालचा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें १९७३ ते १९८६ या काळांत, मधलीं कांहीं वर्षें सोडून, बारामतीच्या बाजूस विमानांतून ढगांत मीठ सोडून पावसाचे प्रयोग केले, तेही याच तत्त्वावर. वाशिष्ठीच्या मुखाशीं वसलेल्या आपल्या गांवीं हा प्रयोग रोज फुकट चालतो. खाऱ्या वाऱ्यानें पानांवर बसलेलें मीठ दव पडण्यापूर्वींच ओल धरतें आणि सकाळीं ती उशिरा सोडतें. करप्यासारख्या रोगांस हवी असते ती हीच ओल.

तेव्हां भल्या पहांटे मारावें तर औषध दवांत पातळ होऊन ओघळतें. दुपारीं मारावें तर वाटेंतच आटतें. दव वाळल्यावर, परंतु ऊन तापून खारा वारा सुटण्यापूर्वीं, जे दोन-तीन तास मिळतात तेच आपले. ऑस्ट्रेलियांतील शेतकरी यासाठीं दोन तापमापक वापरतात, एक कोरडा व एक ओल्या फडक्यांत गुंडाळलेला. दोहोंतील अंतर २ ते ८ अंश असेल तर फवारावें. त्याहून अधिक असेल तर हवा फार कोरडी समजून थांबावें, असा त्यांचा ठोकताळा आहे.

कोणी म्हणतील, गडी येतात नऊ वाजतां, पंप मिळतो भाड्यानें, वेळ साधावी कशी? अडचण खरी आहे. एके वर्षीं उरलेलें पिंप फुकट जाऊं नये म्हणून आम्हींच तें भर दुपारीं मारविलें. आठवड्यानें मोहोराचीं टोकें करपलेलीं दिसलीं. आम्हीं औषधास बोल लाविला; हिशेब मांडल्यावर दोष आमच्याच घाईचा वाटला. जोंवर मजुरी पिंपावर ठरते, तोंवर गड्याचें लक्ष पिंप रिकामें करण्याकडेच राहणार. त्यांत त्याचाही दोष नाहीं.

म्हणून संस्थेस आमची विनंति आहे. कचेरींत असे दोन तापमापक टांगावे; पंपांची पाळी दिवसावर न लावतां सकाळीवर लावावी; गड्यांस मजुरी त्या सकाळीची पुरी द्यावी; आणि फार बारीक धुकें करणारीं नोझलें उंच कलमांस वापरूं नयेत. औषध कोणतें व किती, हें दापोलीचें कृषि विद्यापीठ वेळापत्रकांत सांगतें. बागेंतील घटका ओळखणें मात्र आपलें काम आहे. तें आपण न केल्यास पावती औषधाची फाटते आणि माल वाऱ्याच्या खातीं जमा होतो.