ही मेथी मातीची आहे

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला, की पांढुर्ण्यातल्या आमच्या घरांना हिरवी मेथी स्वप्नात दिसू लागते. चार महिने पालेभाजी न शिवलेली जीभ असते ती! नेमकी तेव्हाच मी परसातल्या दोन रिकाम्या वाफ्यांत मेथी अन् वाटाणा दाट पेरते आणि घरात सांगून टाकते, यातलं एक पान चुलीवर जाणार नाही.

सौंसरच्या आमच्या नात्यातल्या एक काकू यावर दर वर्षी रागावतात. "काहून बाई, फुलावर आलेलं पीक कापता? खाऊन नाही राह्यले, अन् जीव मात्र घेऊन राह्यले. जैनाच्या घरी शोभते का हे?" दर वर्षी मी चहा पुढे करून विषय बदलते. यंदा बदलणार नाही.

काकूंच्या परसात हिवाळाभर काय असतं? काही नाही. दोडक्याचे वेल उपटले, जाळले, वाफे उघडे टाकले. आपली काळी माती वाळून भेगाळते अन् भेगांतून उरलीसुरली ओल उडून जाते. याला त्या "जमिनीला विसावा" म्हणतात. फेब्रुवारीत काकडी लावली की मूठमूठ युरिया. त्यानं पाला लुसलुशीत होतो, त्यावर मावा बसतो, माव्यावर फवारा. त्या फवाऱ्यात किती जीव गेले, हे मोजायला कोणी बसत नाही. अहिंसा फक्त माझ्या विळ्यापुरतीच आहे का?

पहिल्या तीर्थंकरांनी माणसाला कृषी शिकवली, हे आपण अभिमानानं सांगतो. गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पुरती टाळता येत नाही, ती कमी करावी, हेही लहानपणापासून ऐकतो. कमी करायची तर आधी हिशेब मांडावा लागतो, काकू.

अन् हिशेबात तुमचं एक म्हणणं मला लागलं, ते कबूल करते. हिरवळीचं खत म्हटलं की सगळे "गाडा" म्हणतात. मीही कुदळीनं गाडत असे, आणि दर वेळी तुटलेली गांडुळं दिसत. आता गाडतच नाही. जमिनीलगत विळ्यानं कापते अन् पाला तिथंच अंथरते. मुळं जागेवर राहतात; वाटाण्याच्या मुळांवरच्या, आतून गुलाबी असलेल्या गाठी तिथंच कुजतात. वर हलकं पाणी शिंपायचं, दोन-तीन आठवडे थांबायचं, मग लावणी. असं वर अंथरलं की थोडा नत्र हवेत जातो, गुणही उशिरा दिसतो. चालेल मला.

ताग-धैंचा का नाही? ती पावसाळ्याची पिकं. थंडीत ताग जेमतेम वाढतो आणि फुलून मोकळा होतो.

कापायचं मात्र फुलावरच. "आधी शेंगा खाऊ, मग कापू" म्हणणारे आमच्याही घरात आहेत. शेंग भरली की नत्र दाण्यात जातो अन् दाणा आपल्या पोटात. मातीला उरतो निबर कडबा.

तर काकू, यंदा तुमच्या परसातला एक वाफा मला द्या. बियाणं माझं, विळा माझा, पाप लागलं तर तेही माझं. फेब्रुवारीत शेजारच्या वाफ्यात तुम्ही अन् यात मी, एकाच दिवशी काकडी लावू. युरिया फक्त तुमच्या वाफ्यात टाका.