टाचण मुलांसाठी लिहू द्या

शिक्षकाच्या टाचणवहीत तासिका, घटक, उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन असे रकाने असतात. ते भरले आणि मुख्याध्यापकांची सही झाली की नियोजन झाले असे धरले जाते. म्हणून छापील टाचणे विकत मिळतात आणि त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. जे तपासले जाते, तेच लिहिले जाते. बदल तपासणाऱ्यांपासून व्हायला हवा.

१. नियोजन मुलाच्या चुकीपासून सुरू व्हावे.
हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ मधून २७ वजा करताना काही मुले ३५ लिहितात. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ती ७ मधून २ काढतात. याला निष्काळजीपणा म्हणणे अन्याय आहे. 'मोठ्या अंकातून लहान काढायचा' हा नियम मुलाने स्वतः बांधलेला असतो आणि बिनहातच्याच्या गणितांत तो बरोबरच ठरत आलेला असतो. ही चूक आधी ओळखणारी शिक्षिका वर्गात दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या नेईल, त्या मुलाच्या हाती देईल आणि त्याच्याकडे सत्तावीस काड्या मागेल. मूल अडेल, विचार करेल, एक गठ्ठा सोडेल. आता सुट्या काड्या बारा. त्यातल्या सात दिल्या, उरलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन दिले. हाती पंचवीस राहिल्या. फळ्यावरची मांडणी त्यानंतर. शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने ६१ वजा ३४ एकट्याने करायचे. उत्तर ३३ आले, तर जुना नियम अजून सुटलेला नाही. ती नावे वहीत टिपली की उद्याच्या तासाचे टाचण निम्मे तयार. 'साहित्य : काड्या' एवढ्या नोंदीतून यातले काय कळणार?

२. द्विशिक्षकी शाळेची गरज वेगळी आहे.
तिथे एका शिक्षकासमोर एकाच वेळी दोन-तीन इयत्ता बसतात. तिसरीला काड्या देताना पहिली काय करते आहे, हाच नियोजनाचा खरा प्रश्न असतो, आणि इयत्तावार टाचणात तो येतच नाही. ऊसतोडीहून परतलेल्या मुलाचेही तसेच. वर्ग पुढे गेलेला, मूल मागे राहिलेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, कारण त्यांनी आधी मुलाचा दिवस पाहिला आणि मग शिकवणे आखले.

३. तयारीचा वेळ हा कामाचाच वेळ आहे.
शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरले आहेत, ते पूर्वतयारीसह. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी, उपक्रमांचे फोटो यांत दुपार जाते आणि तयारी रात्री घरी होते, किंवा होत नाही. वेळापत्रकात तयारीच्या तासिका नावानिशी छापाव्यात आणि त्या वेळेत कोणतीही माहिती मागवू नये.

४. वही तपासण्याऐवजी तास पाहावा.
केंद्रप्रमुखांनी मागच्या बाकावर पूर्ण तास बसावे आणि नंतर शिक्षकाला दोनच गोष्टी विचाराव्यात : कोणाला कळले नाही, आणि उद्या त्याच्यासाठी काय करणार? केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी एखादा फसलेला तास मांडून त्यावर चर्चा व्हावी. तो मांडणाऱ्यावर शेरा मारला जाणार नाही, याची हमी मात्र अधिकाऱ्यांनी आधी द्यावी.

५. पालकांनी हा विषय हाती घ्यावा.
कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत रंगरंगोटी, कुंपण, शौचालये यांवर बोलणे होते. तेही गरजेचेच आहे. पुढच्या बैठकीत आणखी एक विचारा : आमच्या गुरुजींना, बाईंना उद्याच्या तासाची तयारी करायला शाळेत वेळ मिळतो का? उत्तर 'नाही' आले, तर तसा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा.